मूल वसतिगृहात निघाले, परीक्षा पालकांची

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत पेढे वाटले जातात. विहारात सत्कार होतो, भाषणे होतात, वह्या-पेन दिले जातात. त्यानंतर घराघरांत एकच धावपळ उडते. मुलाला शहरात शिकायला पाठवायचे असते. पेटी येते, गादी येते, बादली येते, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा भरला जातो. एस.टी. सुटते, आई डोळ्यांना पदर लावते आणि पालक म्हणून आपले काम झाले असे आपण समजतो. आमचाही तसाच समज होता. तो कसा खोटा ठरला, हे इतर पालकांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहोत.

आमची थोरली मुलगी अकरावीला वसतिगृहात गेली. दर रविवारी संध्याकाळी आम्ही फोन करीत असू. "जेवलीस का? अभ्यास चालू आहे ना? पैसे आहेत ना?" तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर, "हो." दोन मिनिटांत फोन संपे आणि आम्ही निश्चिंत होत असू. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा निम्मी झाली होती. चार दिवस धड बोलली नाही. पाचव्या दिवशी आईजवळ भाकरी थापताना तिने सांगितले. पहिल्याच आठवड्यात खोलीतल्या मुलींनी आडनाव विचारले, मग गाव विचारले, मग घरात कोणता देव आहे ते विचारले. दुसऱ्या दिवसापासून त्या दोघी वेगळ्या बसून जेवू लागल्या. तिने नेलेल्या चटणीला कोणी हात लावला नाही. दिवाळीपर्यंत पोरगी एकटी जेवत होती.

आम्ही विचारले, "आम्हाला का सांगितलं नाहीस?"

ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही विचारलंत कुठं? आणि सांगितलं असतं तर म्हणाला असता, तिकडे लक्ष देऊ नको, अभ्यास कर."

खरोखर आम्ही तेच म्हणालो असतो. वीस वर्षे सभांतून स्वाभिमानावर बोलणाऱ्या आम्हांला त्या दिवशी मान खाली घालावी लागली.

परळच्या चाळीतल्या एका खोलीत सुभेदार रामजी सकपाळ रात्री दोनपर्यंत जागत आणि मग भीमरावांना अभ्यासाला उठवीत, ही हकिकत आपण मुलांना नेहमी सांगतो. सांगताना सारा भर मुलगा उठत असे यावर असतो. बाप जागत असे, हे आपण विसरतो. मूल दूर गेले म्हणजे ही जागण्याची जबाबदारी संपत नाही. ती कशी पार पाडावी याबद्दल अनुभवाने सुचलेल्या काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट कागदांची. आमचा निम्मा जन्म फायली लावण्यात गेला, म्हणून हे आधी सांगतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका यांच्या प्रतींची एक फाईल मुलाजवळ आणि एक घरी असावी. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अकरावीपासून मिळते. तिचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो आणि मुलाचे बँक खाते आधारशी जोडलेले असावे लागते. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पात्र विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, तिची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी. विज्ञान शाखेच्या मुलांनी जात पडताळणीचा अर्ज बारावीतच महाविद्यालयामार्फत करावा. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा शाळेत गेले नसतील तर वडिलांकडच्या नात्यात कोणाचा जुना दाखला आहे का, हे आताच शोधावे. ऐन प्रवेशाच्या वेळी धावाधाव झाली की तिचा राग मुलावर निघतो.

दुसरी गोष्ट कामाची. जाण्यापूर्वीच्या सुट्टीत मुलाकडून कपडे धुऊन घ्यावेत, वरण-भात करून घ्यावा, बटण लावायला शिकवावे. मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही सारखेच. तालुक्याच्या गावी एकट्याने पाठवावे, बँकेत स्लिप भरायला लावावी. चुकले तर चुकू द्यावे. घराजवळ झालेली चूक स्वस्तात पडते.

तिसरी गोष्ट पैशांची. महिन्याची रक्कम ठरवावी आणि जमा-खर्चाची वही द्यावी. मात्र ती वही तपासायला बसू नये. "या महिन्यात कशाला जास्त लागले?" एवढेच विचारावे. फीचे पैसे आणि खर्चाचे पैसे वेगळे ठेवायला सांगावे. आपण कर्ज काढले असेल तर मुलापासून लपवू नये, पण दर फोनला त्याची आठवणही देऊ नये. ते ओझे घेऊन पुस्तक उघडत नाही.

चौथी गोष्ट आपण नेहमी टाळतो. बाहेर गेल्यावर कोणीतरी आडनाव विचारणार, हे मुलाला आधीच सांगावे. काय उत्तर द्यायचे ते घरी बसून बोलावे. "आम्ही बौद्ध आहोत" हे वाक्य सरळ, न अडखळता म्हणता आले पाहिजे. समोरचा वाईट वागला तर त्यात आपला काही दोष नाही, हे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला आपणहून कळत नाही. ते आईबापाच्या तोंडून ऐकावे लागते. छळ होत असेल तर गप्प बसायचे नाही, हेही सांगावे. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. लेखी तक्रार आली तर संस्थाप्रमुखाला सात दिवसांत चौकशी करावी लागते. तक्रारीची प्रत आपल्याजवळ ठेवावी.

पाचवी गोष्ट फोनची. "हो" किंवा "नाही" असे उत्तर येईल तो प्रश्न विचारू नये. "आज जेवायला कोणाबरोबर बसलास?" हा प्रश्न आम्ही आता विचारतो. या एका प्रश्नात पुष्कळ कळते. मूल बोलू लागले की मध्येच उपदेश करू नये. आमच्या घरात दोन्ही बाजूंना हे अवघड गेले, पण जमले.

त्या दिवाळीनंतर आम्ही मुलीबरोबर वसतिगृहात गेलो. जाताना वाटेत तिलाच विचारले, तुला काय हवे? तक्रार करायची असेल तर आम्ही पाठीशी आहोत. ती म्हणाली, आत्ता खोली बदलून हवी, बाकीचे मी बघते. रेक्टरबाईंशी ती स्वतः बोलली, आम्ही शेजारी बसून राहिलो. खोली बदलली. नव्या खोलीतल्या मुलींसाठी आता चटणीचा डबा मोठा न्यावा लागतो.

पालकांनो, येत्या जूनमध्ये तुमचे मूल एस.टी.त बसेल तेव्हा "नाव काढ" असे जरूर म्हणा. पण त्याच्या आधी, "काहीही झाले तरी आधी आम्हांला सांग, आम्ही रागावणार नाही," हे म्हणा. आणि खरोखर रागावू नका. एखादे मूल आठ दिवसांत परत आले तर दारात त्याला लाज वाटेल असे बोलू नका. पाणी द्या, जेवू घाला, झोपू द्या. सकाळी विचारा. विचारून झाले की तिकीट काढून त्याच्याबरोबर जा. एक दिवसाची रजा पडेल, पण शिक्षण तुटणार नाही.