चौकट : आझाद मैदान संगणकावर उभारायचं तर…

इमारतीच्या आराखड्यासाठीचं ‘रेव्हिट’सारखं सॉफ्टवेअर यवतमाळच्या आझाद मैदानासारख्या मोकळ्या जागेलाही वापरता येतं. मात्र खोल्यांऐवजी उतार, माती आणि सावली मांडावी लागते.

• जमीन : जुन्या आवृत्त्यांत जमीन म्हणजे जाडी नसलेला पृष्ठभाग होता. २०२४च्या आवृत्तीपासून तिला जाडी आणि थर देता येतात. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. म्हणून फरशीखालचे मुरूम-खडीचे थर मॉडेलमध्येच दाखवावेत.

• पाणी : शंभरास एक उतार धरला, तर ५० मीटर फरसबंदीच्या दोन टोकांत अर्ध्या मीटरचा फरक पडतो. गटाराची जागा त्यावरून ठरते.

• सावली : यवतमाळ सुमारे २०.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. १० मीटर उंच कडुनिंबाची सावली २१ डिसेंबरच्या मध्यान्ही उत्तरेला सुमारे साडेनऊ मीटर जाते. २१ जूनला ती दक्षिणेला जेमतेम अर्धा मीटर. उन्हाळ्यातल्या बाकांची जागा दुपारी तीन-चारच्या सावलीवरून ठरवावी.

• वाट : ४५ सेंटिमीटर उंच ओट्यावर व्हीलचेअर न्यायची, तर बारास एक उताराने ५.४ मीटरचा रॅम्प लागतो. त्याची जागा पहिल्याच आराखड्यात राखायला हवी.