नाट्यगृहाच्या शब्दापासून गाडीच्या दारापर्यंत

निवडणुकीत नळ, गटार, रस्ते यांची आश्वासने सगळीकडेच दिली जातात. ठाण्यात मात्र नाट्यगृहाचे आश्वासन दिले गेले. १९६६मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेने पुढच्याच वर्षी ठाणे नगरपालिका जिंकली. पक्षाची ही पहिली सत्ता. त्याच काळात बाळासाहेब ठाकरे यांनी ठाणेकरांना नाट्यगृहाचा शब्द दिला होता. तेव्हा नाटक पाहायचे तर दादर गाठावे लागे आणि परतताना शेवटच्या लोकलवर डोळा ठेवावा लागे. १९७८मध्ये मासुंदा तलावाकाठी गडकरी रंगायतन उभे राहिले. नागरी सुविधांच्या पंगतीत नाटकालाही पान मांडले गेले, हे मला या शहराच्या इतिहासातले सर्वांत सुंदर प्रकरण वाटते.

पुढे वस्ती फुगली. १९८२मध्ये ठाण्याची आणि १९८३मध्ये कल्याणची महानगरपालिका झाली. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ जण गेले. त्यानंतर चांगल्या घराचा पहिला अर्थ उरला तो न पडणारे घर, आणि ‘क्लस्टर’, म्हणजे धोकादायक इमारतींचा एकत्रित पुनर्विकास, हा शब्द ठाण्यातल्या प्रत्येक प्रचारसभेत ऐकू येऊ लागला.

सप्टेंबर २०१६मध्ये ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही दोन्ही शहरे स्मार्ट सिटीच्या यादीत आली. मग चांगले जगणे चक्क मोजले जाऊ लागले. केंद्र सरकारच्या २०१८च्या जीवनसुलभता निर्देशांकात १११ शहरांत ठाणे सहावे आले. मार्च २०२१मध्ये जाहीर झालेल्या पुढच्या निर्देशांकात ३० टक्के भार नागरिकांच्या मताला होता, आणि मोठ्या शहरांत ठाणे अकरावे, कल्याण-डोंबिवली बारावे व दिल्ली तेरावी ठरली. डोंबिवलीच्या फलाटावर सकाळी उभ्या असलेल्या माणसाला मात्र ही क्रमवारी आपलीशी वाटणे अवघडच.

कारण इथल्या जगण्याचा मोठा हिस्सा लोकलमध्ये जातो. फेब्रुवारी २०२२मध्ये ठाणे-दिवा दरम्यानची पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. गर्दी हटली नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन भरलेल्या गाड्या वळणावर एकमेकींना ओलांडत असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, काहींचा जीव गेला. मग रेल्वेने साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारे बसवायचे जाहीर केले. बंद डब्यात जीव गुदमरू नये म्हणून दारांना हवेच्या झडपा, छतावर वायुवीजन आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाण्याची वाट, असा तो आराखडा आहे.