फोन माझा, सॉफ्टवेअर कोणाचे?

माझे आई-बाबा श्रीपेरुंबुदूरला राहतात. तिथे २००६ पासून नोकियाचा मोठा कारखाना होता. २०१३ मध्ये आयकर खात्याने नोकियाकडे सुमारे २,००० कोटी रुपयांच्या कराची मागणी केली. वाद फोनच्या सुट्या भागांचा नव्हताच. त्यात भरायच्या सॉफ्टवेअरसाठी फिनलंडच्या मूळ कंपनीला जे पैसे दिले, त्यावरच्या कराचा होता. फोन ही एक वस्तू आणि सॉफ्टवेअर ही दुसरी, हे मला यावरून पहिल्यांदा समजले.

आमच्या वर्गात बरेच जण विचारतात, "कस्टम रॉम मित्राला दिली तर गुन्हा होतो का?" कंपनीने अपडेट देणे थांबवले की हौशी प्रोग्रामर अँड्रॉइडचा खुला कोड घेऊन जुन्या फोनसाठी नवी प्रणाली बनवतात. तीच कस्टम रॉम. हा कोड बदलायला व वाटायला परवानगी आहे. मग कंपन्या अडवतात कुठे?

सायनोजनमॉड ही रॉम स्टीव्ह कॉन्डिक यांनी सुरू केली. २००९ मध्ये त्यांना गूगलची कायदेशीर नोटीस आली. कारण अँड्रॉइड नव्हे, तर रॉमसोबत दिलेली जीमेल, मॅप्स यांसारखी अ‍ॅप्स. ती खुली नाहीत. कॉन्डिक यांनी ती वगळली आणि रॉम चालू राहिली.

नोकियाचा कारखाना नोव्हेंबर २०१४ मध्ये बंद पडला. पुढच्याच महिन्यात सॉफ्टवेअरचे दुसरे भांडण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. सायनोजन आता कंपनी झाली होती आणि भारतातले हक्क तिने फक्त मायक्रोमॅक्सला दिले होते. पण वनप्लसचे फोनही सायनोजनवरच चालत. न्यायालयाने १६ डिसेंबरला त्यांच्या विक्रीला तात्पुरती मनाई केली. काही दिवसांतच खंडपीठाने ती उठवली. वनप्लसने मात्र धडा घेऊन स्वतःची ऑक्सिजन प्रणाली काढली.

२०१६ च्या अखेरीस सायनोजनने सेवा बंद केल्या. नाव कंपनीचे, म्हणून ते सोडावे लागले. कोड सर्वांचा, म्हणून तोच 'लिनिएजओएस' या नावाने आजही वाटला जातो. (मला हा भाग सर्वांत आवडतो.)

आता नोटिशीची फारशी गरज उरलेली नाही. बूटलोडर उघडलेला फोन बँकेची बरीच अ‍ॅप्स ओळखतात आणि चालत नाहीत. म्हणून घरच्या व्यवहाराच्या फोनवर प्रयोग नको. कपाटात पडलेला जुना फोन घ्यावा, तोही घरी विचारून.