दोन काटे एकदम चुकतात तेव्हा

इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एमजीबी ही स्पोर्ट्स कार आजही अनेक हौशी मालकांनी जिवापाड जपली आहे. डॅशबोर्डवरील स्मिथ्स कंपनीची काळी, गोल मीटरे ही तिच्या चेहऱ्याची ओळखच होय. काटा भलतेच दाखवू लागला की मालक अस्वस्थ होतो आणि घाईने मीटर बदलायला निघतो. पुष्कळदा निर्दोष मीटर निघून जाते आणि दोष मात्र गाडीतच राहतो.

खतावणीतील दोन खाती एकाच बाजूला चुकलेली दिसली, तर जाणता मुनीम त्या खात्यांशी झगडत बसत नाही. तो रोजकीर्द उघडतो. येथेही तोच न्याय लागू पडतो. नंतरच्या काळातील एमजीबीमध्ये पेट्रोल व तापमान यांचे दोन्ही काटे विजेवर चालतात. मीटरमध्ये दोन धातूंची जोडपट्टी असते. वीजप्रवाहाने ती तापते, वाकते आणि काट्याला ढकलते. इंजिनाच्या वेगाबरोबर व्होल्टेज खालीवर झाले तरी काटे भरकटू नयेत, म्हणून डॅशबोर्डमागे एक छोटासा स्टॅबिलायझर बसविलेला असतो. तो पुरवठा सतत तोडत-जोडत सरासरी १० व्होल्टवर राखतो. त्याची अर्थिंग सुटली की हे तोडणे थांबते आणि दोन्ही काटे वाजवीपेक्षा वर चढतात. आतील संपर्कबिंदू जुळेनासे झाले, तर दोन्ही काटे तळाशी निपचित पडतात. त्याच वेळी ब्रेकचे व वळणाचे दिवेही बंद असतील, तर प्रथम फ्यूज पाहावा.

एकटा पेट्रोलचा काटाच चुकत असेल, तर शोध टाकीपर्यंत न्यावा लागतो. तेथील फ्लोटची तार काढल्यावर काटा शून्यावर जावा, आणि ती क्षणभर सांगाड्याला जोडल्यावर वर चढू लागावा. असे घडले तर मीटर व तार निर्दोष. दोष फ्लोटच्या यंत्रणेत किंवा तिच्या अर्थिंगमध्ये. मात्र प्रत्येक वेळी इग्निशन बंद ठेवूनच तार काढावी वा जोडावी, किल्ली त्यानंतर फिरवावी. पेट्रोलजवळ ठिणगीला क्षमा नसते. तार सांगाड्याला फार वेळ टेकवून ठेवल्यास चांगले मीटरही जळते.

सुरुवातीच्या गाड्यांतील तापमानाचे मीटर निराळे आहे. त्याची बारीक नळी थेट इंजिनापर्यंत गेलेली असते. मीटर काढताना ती नळी तुटली, तर मीटर निकामी झाले असेच समजावे.

स्पीडोमीटर बदलणे खरोखरच अटळ झाले, तर डायलवरील बारीक आकडा पाहूनच खरेदी करावी. एका मैलाला केबलचे किती फेरे, हे तो सांगतो. १२८० च्या जागी १००० चे मीटर बसविले, तर वेग आणि अंतर दोन्ही सव्वापटीहून अधिक दिसतात. जुन्या मीटरवरील मैलांची नोंद तारखेसह गाडीच्या कागदपत्रांत ठेवावी. पुढे विक्रीच्या वेळी ग्राहक पहिला प्रश्न तोच विचारतो.