पुढच्या भागात काय हवे?

बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी लिहिलेला कागद समोर आला की माझा हात आपोआप खिशातल्या लाल पेनाकडे जातो. कर्जाचे अर्ज तपासण्यात उमेद गेली. सवय जाणार कशी? मागच्या एका रविवारी सकाळी टेबलावर वर्तमानपत्राखाली वहीचा फाडलेला कागद सापडला. अक्षर नातवाचे. वर ठळक मथळा: ‘पुढच्या भागात काय हवे’, आणि खाली नऊ कलमे.

मी कादंबऱ्या लिहितो. त्यामुळे मथळा वाचून मन सुखावले. घरात निदान एकाला तरी माझ्या कादंबरीचा पुढचा भाग हवा आहे! चष्मा पुसून वाचू लागलो. पहिले कलम होते, ‘कॅमेरा जवळ हवा.’ दुसरे, ‘उडी मारताना अंतर कळले पाहिजे.’ तिसरे, ‘राक्षसांशी लढाई जड वाटते, हात मोकळा हवा.’ माझ्या कादंबरीतली माणसे फार तर जिनिंगच्या फाटकापर्यंत चालत जातात. राक्षस एकही नाही. तेवढ्यात नातू आलाच. म्हणाला, “आबा, ते तुमचं नाई, माझं होय. गेमचं होय.”

नातू अठरा वर्षांचा आहे. बारावी झाली, नीटची परीक्षा दिली, थोडक्यात हुकली, आणि आता तो पुन्हा तयारी करतो आहे. आमच्या यवतमाळात अशा मुलांना सरळ ‘रिपीटर’ म्हणतात, जणू ते आडनावच असावे. अशा मुलाच्या वहीत जीवशास्त्राच्या आकृत्यांऐवजी व्हिडिओ गेमची कलमे निघाली तर घरात काय होते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. त्याच्या वडिलांनी कागद पाहिला आणि एवढेच म्हणाले, “एक वर्ष वाया गेलं, आता हे दुसरं.” मुलगा काही बोलला नाही. आत निघून गेला. कागद मात्र माझ्याजवळ राहिला.

दुपारी मी त्याला बोलावले. म्हटले, “हे बघ, मी आयुष्यभर अर्ज वाचले आहेत. हाही वाचतो. पण आधी प्रकरण काय आहे ते समजावून सांग.” तो खुलला. त्याने जे सांगितले आणि नंतर मी स्वतः जे वाचले, ते थोडक्यात असे.

खेळाचे नाव ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’. तो अमेरिकेत किंवा जपानात नाही, आपल्या पुण्यात तयार झाला. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयान मॉड या तिघांनी २०१७मध्ये नॉडिंग हेड्स गेम्स नावाचा छोटा स्टुडिओ काढला. राजी ही डोंबाऱ्याच्या खेळासारख्या कसरती करणारी सर्कशीतली मुलगी. राक्षस मुले पळवतात, त्यांत तिचा धाकटा भाऊ गोलूही जातो आणि ती त्याच्या शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू ही कथा सांगतात. त्रिशूळ, धनुष्य, ढाल-तलवार तिला वाटेत मिळत जातात. राजस्थानी वळणाचे महाल, भिंतींवर चित्रे आणि कथेचे दुवे बाहुल्यांच्या सावल्यांतून. आमच्या पिढीने जत्रेतल्या पडद्यावर जे पाहिले, ते हा मुलगा लॅपटॉपवर पाहतो.

यात माझे लक्ष वेधले ते पैशाने. या मंडळींनी २०१७मध्ये किकस्टार्टर नावाच्या लोकवर्गणीच्या व्यवस्थेकडे हात पसरला. तिथला नियम कडक आहे. ठरवलेली रक्कम मुदतीत पूर्ण जमली तरच पैसे मिळतात. कमी पडली तर दमडीही हाती येत नाही. त्यांची रक्कम पूर्ण झाली नाही. मी शाखाधिकारी असतो तर फाइल तिथेच बंद केली असती. तारण काय, तर एका काल्पनिक मुलीचा त्रिशूळ! पण ते थांबले नाहीत. ऑगस्ट २०२०मध्ये खेळ निन्टेन्डो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये संगणकावर आणि इतर यंत्रांवर. त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्स या जागतिक पुरस्कारांत पदार्पणाच्या सर्वोत्तम खेळासाठी त्याला नामांकन मिळाले. पुरस्कार दुसऱ्याला गेला. पण पंगतीत पुण्याचे पान मांडले गेले.

दोषही निघाले. चित्रे सुंदर, संगीत गोड, पण लढाई अवघडल्यासारखी, खेळ पाच-सहा तासांत संपतो आणि शेवट एकदम पडदा पडावा तसा. निर्मात्यांनी ही टीका कानाआड केली नाही. २०२२मध्ये त्याच खेळाची सुधारित आवृत्ती काढली. तीत लढाई आणि कॅमेरा यांत दुरुस्त्या केल्या आणि हिंदी आवाज आणले. मग नोव्हेंबर २०२५मध्ये एक्सबॉक्सच्या कार्यक्रमात ‘राजी: कलियुग’ या पुढच्या भागाची झलक दाखवली गेली. तेव्हापासून आमच्या घरी ही कलमे तयार होत होती.

आता त्यातले पहिले कलम घेऊ, कारण ते मलाही पटले. पहिल्या भागात कॅमेरा दूर उंचावर असतो. महाल भव्य दिसतो आणि मुलगी मुंगीएवढी. नाटकाच्या शेवटच्या रांगेतून पाहावे तसे. शोभा पुरेपूर, पण दोन कड्यांमधले अंतर डोळ्यांना नेमके कळत नाही, उडी चुकते आणि राजी दरीत. नव्या भागाच्या झलकेत कॅमेरा तिच्या पाठीशी आला आहे. खेळणारा मान वळवील तिकडे बघू शकेल. मी म्हटले, “एवढंच ना? मग आधीच का नाही केलं?” तो हसला. “आबा, नाटकाच्या सेटले मागची बाजू लागत नाई. पण देवळाले प्रदक्षिणा घालायची म्हटलं, तर चारही बाजू बांधाव्या लागतात.” कॅमेरा फिरू लागला की प्रत्येक भिंतीची पाठ, प्रत्येक खांबाची आतली कड रंगवावी लागते. खर्च वाढतो, माणसे वाढतात. हे उत्तर बँकेत देण्यासारखे होते.

निर्मात्यांच्या सांगण्यानुसार या वेळी बहिणीइतकाच भाऊही खेळणाऱ्याच्या हाती असणार आहे. नातवाचे चौथे कलम त्यावर: ‘दोघांचे हात वेगळे वाटले पाहिजेत, नुसता कपडा बदललेला नको.’ पाचवे कलम लांबीचे. सहावे असे: ‘मराठी आवाज हवा. पुण्यात बनतो ना? एक तरी राक्षस वऱ्हाडीत बोलला पाहिजे.’ याला मी लगेच लाल पेनाने बरोबरची खूण केली.

पुढच्या भागाची वाट पाहणे आम्हा यवतमाळकरांना नवे नाही. मूर्तिजापूरला जाणारी आमची अरुंद रुळांची शकुंतला म्हणजे पहिला भाग. पुढे वर्धा–यवतमाळ–नांदेड हा रुंद मार्ग ठरला आणि त्याचा वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. मधल्या वर्षांत पारावर बसून लोकांनी किती कलमे केली असतील! गाडी वेगाने हवी, वेळेवर हवी. आणि एखादा म्हातारा हळूच म्हणायचा, हात दाखवला की थांबलीही पाहिजे. पुढचा भाग मागणाऱ्याला सगळे नवे हवे असते आणि जुने एकही सोडवत नाही.

खेळांच्या दुनियेत यावर बरेच प्रयोग झाले आहेत. ‘सुपर मारिओ’चा पहिला खेळ १९८५चा. दुसऱ्याच वर्षी जपानात दुसरा भाग निघाला, तो जवळजवळ तसाच, फक्त भयंकर अवघड. अमेरिकेतल्या मंडळींनी तो फारच कठीण म्हणून घेतला नाही. १९८८मध्ये तिथे भलताच एक खेळ मारिओचे कपडे घालून दुसरा भाग म्हणून विकला गेला. याउलट ‘व्हाइस सिटी’ घ्या. २००२चा हा खेळ सायबर कॅफेच्या काळातली पोरे कधी विसरणार नाहीत. त्यातला नायक गोळ्या चुकवतो, गाड्या पळवतो, पण पाण्यात पडला की खलास. २००४च्या ‘सॅन अँड्रियास’मध्ये नायक पोहू लागला. बदल लहान, पण नकाशावरच्या नद्या, ज्या तोवर भिंती होत्या, त्या वाटा झाल्या. चांगला बदल असा असतो. तो खेळ मोठा करत नाही, मोकळा करतो.

हे मला १९९४मध्ये कळायला हवे होते. माझ्या पहिल्या कादंबरीचा दुसरा भाग मी तेव्हा लिहिला. पाने दीडपट, पात्रे दुप्पट, मरणे तिप्पट. वाचकांनी नम्रपणे मौन पाळले.

मग सातवे कलम आले. ‘पहिल्या भागात शिकलेलं दुसऱ्या भागात काढून घेऊ नये.’

मी विचारले, “असं करतात?” म्हणाला, “नेहमीच.” त्याने २००७च्या ‘गॉड ऑफ वॉर’च्या दुसऱ्या भागाचे उदाहरण दिले. नायक क्रेटोस आता स्वतःच देव झालेला आहे. पण सुरुवातीलाच त्याला फसवून त्याची सारी शक्ती एका तलवारीत काढून घेतली जाते. पुन्हा शून्यातून सुरुवात. त्यालाही कारण आहे. नवा खेळणारा पहिल्या भागातून आलेला असेलच असे नाही. त्याला एकेक हत्यार हळूहळू शिकवावे लागते. शिवाय सगळेच आधी हाती असेल तर कमवायचे काय? मी म्हटले, “मग बरोबरच आहे की त्यांचं.”

तो कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “बरोबर आहे आबा. पण हत्यारं काढून घेतली तरी हाताले सवय राहते न. ती तरी धरा. मागच्या वर्षीचे माझे मार्क यंदा शून्य. ते ठीक. परीक्षेचा नियमच आहे. पण घरी पण सगळे शून्यच धरून राहिले.”

मला उत्तर सुचले नाही. आणि सुचले नाही याची आठवण मात्र झाली.

नव्वदच्या दशकात मी घाटंजीच्या बाजूला एका शाखेत होतो. एक कापूसवाला शेतकरी दरवर्षी कर्ज उचलायचा आणि दरवर्षी भरायचा. अकरा वर्षे. बाराव्या वर्षी पाऊस उलटला, दुबार पेरणी झाली, हप्ता थकला. पुढच्या हंगामाचा अर्ज माझ्या टेबलावर आला. अर्जात रकाना होता, ‘थकबाकी आहे काय?’ मी ‘होय’ लिहिले आणि अर्ज परत केला. नियमाप्रमाणे दुसरे काही करता येत नव्हते. निदान मी तशी समजूत घालून घेतली होती. तो उठता उठता म्हणाला, “साहेब, अकरा वर्साचं कुठीच लिवून नाई काय?”

लिहिलेले होते. लेजरमध्ये पानोपानी होते, माझ्याच अक्षरात. अर्जात त्याला रकाना नव्हता. मी वरच्या कार्यालयाला दोन ओळींची शिफारस लिहू शकलो असतो. मंजूर झाली असतीच असे नाही. पण मी लिहिली नाही. त्या हंगामाचे बियाणे त्याने सावकाराकडून उचलले.

संध्याकाळी मुलगा घरी आल्यावर मी हे त्याला सांगितले. खेळाचे नाही, त्या शेतकऱ्याचे. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “बाबा, मला भीती वाटते हो. वेळ हातातून जातो याचा.” भीती खरी आहे, मी ती नाकारत नाही. ऑगस्ट २०२५मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा संसदेने केला, तेव्हा आमच्या शेजारणीने ‘गेम बंद झाले’ म्हणून पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. कोणता खेळ खिसा कापतो आणि कोणता गोष्ट सांगतो, हे घरातल्या मोठ्यांनी शेजारी बसून पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि गोष्ट सांगणारा खेळही अभ्यासाचे तास खातोच. म्हणून तिघांत ठरले: लॅपटॉप रविवारी दोन तास, माझ्या खोलीत, बाकीचे नंतर, परीक्षा झाली की.

जेवताना मुलाने नातवाला सहज विचारले, “मागच्या वर्षी फिजिक्स कुठे अडलं होतं रे?” गेल्या कित्येक महिन्यांत त्या वर्षाविषयी या घरात विचारलेला हा पहिला प्रश्न. पोरगा ताट बाजूला सारून सांगू लागला. भाजी निवून गेली.

पुण्यातली ती मंडळी पुढच्या भागात नेमके काय बदलतील, हे खेळ हाती येईल तेव्हा कळेल. नऊपैकी चार कलमे पुरी झाली तरी नातू समाधानी असेल, असे तो म्हणतो. राक्षस वऱ्हाडीत बोलण्याची शक्यता कमीच. कागद मी त्याला परत केला. त्याआधी खाली रिकाम्या जागेत, इतकी वर्षे इतक्या अर्जांवर लिहायचे राहून गेलेले, ते लाल पेनाने लिहिले: ‘अर्जदाराचा मागील व्यवहार चांगला. शिफारस करीत आहे.’