एका परागंदा विनोदकाराचे भांडवल

ज्या समाजात किमती खरे बोलत नाहीत तेथे रांगा बोलू लागतात, आणि जेथे वृत्तपत्रे खरे बोलत नाहीत तेथे विनोद बोलू लागतो. हंगेरियन अर्थशास्त्रज्ञ यानोश कोर्नाई यांनी १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात टंचाई हा समाजवादी नियोजनाचा अंगभूत धर्म आहे, असे सप्रमाण मांडले. जवळजवळ त्याच सुमारास हाच सिद्धांत अमेरिकेतील रंगमंचावर एक मनुष्य मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगत होता. त्याचे नाव याकोव्ह स्मिरनॉफ. त्याच्या कारकीर्दीचा आलेख अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने तरी गंभीरपणे वाचावा असा आहे.

स्मिरनॉफ यांचे मूळ नाव याकोव्ह पोखिस. १९५१ साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. काळ्या समुद्रावरील हे बंदर इसाक बाबेल आणि इल्फ-पेत्रोव्ह यांच्या लेखनामुळे साहित्यात अजरामर झाले आहे. १९७३ पासून तेथे १ एप्रिलला विनोदाचा उत्सवच भरू लागला. अशा गावात वाढलेला हा तरुण चित्रकला शिकवीत असे आणि प्रवासी जहाजांवर लोकांना हसवीत असे. मात्र सोव्हिएत कलावंताला आपली संहिता अगोदर मंजूर करून घ्यावी लागे. विनोदालाही नियोजन लागू होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

१९७७ साली ते आईवडिलांसह अमेरिकेत आले. सोव्हिएत ज्यूंचे हे देशांतर त्या काळी महासत्तांच्या सौदेबाजीचाच एक भाग झाले होते. अमेरिकेच्या १९७४ च्या व्यापार कायद्यातील एका दुरुस्तीने व्यापारी सवलतींची सांगड देशांतराच्या स्वातंत्र्याशी घातली होती. १९७९ मध्ये तर सुमारे ५१ हजार ज्यू सोव्हिएत संघाबाहेर पडले.

इंग्रजी न येणाऱ्या या माणसाने न्यूयॉर्क राज्यातील एका विश्रामस्थानाच्या हॉटेलात उष्टी भांडी उचलली, नंतर मद्याचे पेले भरले. त्या कामात परिचित झालेल्या व्होडकाच्या नावावरून त्यांनी स्वतःचे नवे आडनाव घेतले. ग्राहकाच्या तोंडी आधीच रुळलेले नाव धारण करणे, ही बाजारपेठेची त्यांना मिळालेली पहिली शिकवण होय.

त्यांचा एक प्रसिद्ध विनोद असा : दुकानात दुधाची भुकटी पाहिली, पाणी घातले की दूध. संत्र्याची भुकटी पाहिली, पाणी घातले की रस. पुढे पाहतो तो 'बेबी पावडर'! आणि मग त्यांचे ते ठरलेले उद्गार : काय हा देश! वरवर पाहता येथे हसू येते ते भाबड्या परदेशी माणसाचे. परंतु हीच थट्टा, भुकटीत पाणी घालून काहीही मिळेल असे आश्वासन देणाऱ्या विपुलतेचीही आहे, हे त्या वेळी फारसे कोणी लक्षात घेतले नाही. श्रोत्यांना हवी होती ती स्वतःच्या देशाची प्रशस्ती, आणि ती शत्रूच्या घरातून आलेला साक्षीदार देत होता.

ही साक्ष चांगल्या भावाने विकली गेली. १९८४ च्या 'मॉस्को ऑन द हडसन' या चित्रपटात त्यांना भूमिका मिळाली. ४ जुलै १९८६ रोजी त्यांनी अमेरिकी नागरिकत्वाची शपथ घेतली. त्याच वर्षी त्यांची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. १९८८ मध्ये व्हाइट हाउसच्या वार्ताहरांच्या मेजवानीत हसविण्याचा मान त्यांना मिळाला. अध्यक्ष रेगन स्वतः सोव्हिएत विनोदांचे शौकीन होते.

डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि या विनोदकाराचे सारे भांडवल एका रात्रीत बुडाले. तसा कोणताच विनोद खोटा ठरला नव्हता. उलट इतिहासाने त्यांवर शिक्कामोर्तब केले होते. पण भय संपले की भयावरच्या हास्याची मागणीही संपते. स्मिरनॉफ मिसूरी राज्यातील ब्रॅन्सन या पर्यटननगरीत गेले, तेथे स्वतःचे नाट्यगृह चालविले आणि मोठ्या शहरांतील समीक्षकांनी विचारले नाही तरी अनेक वर्षे सामान्य कुटुंबांना हसविले. २००६ मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळविली.

यजमान देश परक्याचे स्वागत पुष्कळदा एका अटीवर करतो : त्याने आपला मायदेश हास्यास्पद करून दाखवावा. हे प्रवेशशुल्क स्मिरनॉफ यांनी हसतमुखाने भरले. पण अमेरिकेने आयुष्यभर ज्यांना 'रशियन विनोदकार' म्हटले, त्यांचे ओडेसा शहर १९९१ पासून स्वतंत्र युक्रेनमध्ये आहे आणि २०२२ पासून रशियाचेच हल्ले सोसत आहे. म्हणजे जे लेबल लावून हा माल खपला, ते लेबलच मुळात अपुरे होते. बाजारपेठ माणसाला अन्न देते, व्यासपीठ देते, प्रसंगी कीर्तीही देते. त्याचे खरे नाव विचारण्याची सवड मात्र तिला नसते. ते विचारण्याचे काम श्रोत्यांचे आहे, आणि ते हसून झाल्यावर तरी करावयास हवे.