आधी कोन, मग टन

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रेसशॉपमध्ये डाय बदलायची होती. वजन 6.2 टन, डायच्या अंगावरच पंच केलेले. सुपरवायझरने स्टोअरमधून 10 एमएमची, चार पायांची चेन स्लिंग मागवली. टॅगवर 6.7 टन लिहिलेले, म्हणजे हिशेब जुळला. क्रेनखाली उभ्या असलेल्या वयस्क खलाशाने मात्र टॅगच्या आधी छताकडे बघितले आणि विचारले, "साहेब, वर हाइट किती मिळणार?"

शेड जुनी, क्रेन बुटकी, आणि डाय रॅकवर रचलेल्या इतर डायांवरून न्यायची. हूक पूर्ण वर घेतला तरी डायच्या पाठीपासून हुकापर्यंत जेमतेम सव्वा मीटर उरत होता. उचलायच्या चार पिना एका बाजूने 2.4 मीटर आणि दुसऱ्या बाजूने 1.4 मीटर अंतरावर. एवढ्या फाकलेल्या पिनांना साखळी उभ्या रेषेपासून 45 अंशांच्या आत ठेवायची, तर प्रत्येक पाय दोन मीटर लांब हवा आणि हूक डायपासून जवळजवळ दीड मीटर वर हवा. तेवढी जागा नव्हती. पाय 1.7 मीटरवर आणले तर स्लिंग जागेत बसत होती, पण कोन 55 अंशांवर जात होता. टॅगवर दुसरा आकडाही असतो, तो 45 ते 60 अंशांसाठी: 4.75 टन. त्याच साखळीची त्याच दिवशीची क्षमता शेडच्या उंचीने जवळजवळ दोन टनांनी कमी केली होती.

स्लिंग निवडताना पहिली चूक होते ती इथे. "किती टनाची हवी?" हा प्रश्न सगळे विचारतात, कोन किती हे कोणी विचारत नाही. भार सरळ खाली ओढत असला तरी साखळी तिरकी असते, त्यामुळे तिच्यावरचा ताण कोनाबरोबर वाढत जातो. दहा टनांचा भार दोन पायांवर घेतला, तर उभ्या रेषेपासून 30 अंशांवर प्रत्येक पायावर 5.8 टन येतात, 45 अंशांवर 7.1 आणि 60 अंशांवर पूर्ण दहा. त्यापुढे 75 अंशांवर हाच आकडा 19 टनांच्या वर जातो. म्हणूनच 60 अंशांपलीकडे काम करायचेच नाही, असा दंडक आहे.

चार पायांच्या स्लिंगची क्षमता चारने गुणून काढत नाहीत, हेही अनेकांना ठाऊक नसते. 10 एमएमच्या, ग्रेड 80च्या एका पायाची क्षमता 3.15 टन, चार पायांची 45 अंशांपर्यंत 6.7 टन. हिशेबात पाय तीनच धरलेले असतात, कारण डायसारखा कडक भार चारही साखळ्यांवर कधीच सारखा बसत नाही. वजनाचा मध्य एका बाजूला असेल तर प्रकरण आणखी बिघडते.

शेवटी 13 एमएमची स्लिंग आली: 45 अंशांपर्यंत 11.2 टन, त्यापुढे 60 पर्यंत 8 टन. मीटरला सुमारे 2.2 किलोऐवजी 3.8 किलो वजनाची ही साखळी खांद्यावर घेताना हेल्पर वैतागला. पाय आखूड करताना खलाशाने चारही पायांच्या कड्या मोजून घेतल्या. 13 एमएमच्या साखळीत एका कडीने जवळजवळ चार सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि तेवढ्याने एक पाय ढिला राहतो. क्रेनने डाय चार बोटे उचलली. एक कोपरा खाली राहिला. "आरिया, आरिया!" म्हणजे खाली घे. डाय परत टेकवली, हूक सरकवून मध्य साधला आणि मगच उचल घेतली. या दहा मिनिटांना वेळेचा अपव्यय म्हणणाऱ्यांशी वाद घालायलाच हवा.

पट्ट्याची स्लिंग हलकी असते, पण डायच्या धारदार कडेवर ती कापली जाते. वायर रोपला एकदा मुरड पडली की ती जात नाही. साखळी या दोन्ही बाबतींत सोशिक आहे. शिवाय मिश्रधातूची चांगली साखळी तुटण्याआधी ताणली जाते आणि मोजपट्टीला ते दिसते. तिलाही मर्यादा आहेतच. कोल्हापूरच्या शिरोलीसारख्या फाउंड्री भागात साच्यातून नुकतेच काढलेले कास्टिंग उचलायचे असेल तर तापमान पाहावे लागते: ग्रेड 80ची साखळी 200 अंश सेल्सिअसपर्यंत पूर्ण भार घेते, 300 पर्यंत नव्वद टक्के, 400 पर्यंत पंचाहत्तर, त्यापुढे वापरायचीच नाही. आणि पिकलिंगच्या ॲसिडजवळ तर तिला नेऊच नये. हायड्रोजन पोलादात शिरतो आणि वरून धडधाकट दिसणारी कडी ठिसूळ होते.

बाजारात साखळ्यांचे प्रकार पुष्कळ. हार्डवेअरच्या दुकानातली साधी वेल्डेड साखळी उचलण्यासाठी नसते. ट्रकवर माल आवळायची साखळी ग्रेड 80ची असली, तरी तिचा हिशेब निराळा. उचलण्याच्या स्लिंगमध्ये तुटण्याचा भार कामाच्या भाराच्या चौपट धरलेला असतो. आवळायच्या साखळीत दुप्पट.

कारखाने अधिनियम, 1948च्या कलम 29ने उचलण्याच्या साखळ्यांवर सुरक्षित भार लिहिण्याची आणि बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणीची अट घातली होती. वर्षातून एकदाची तपासणी पुरेशी नाही. कडीची जाडी दहा टक्क्यांनी झिजली, कडी वाकली, हुकाचे तोंड उघडले किंवा टॅग हरवला, की स्लिंग त्याच पाळीत बाजूला काढली पाहिजे. तिच्यावर 'वापरू नये' लिहून ती कोपऱ्यात ठेवू नका. रात्रपाळीत घाईत कोणीतरी तीच उचलतो. बाद ठरलेल्या साखळीचे गॅस कटरने तुकडे करा आणि भंगारात पाठवा.